कार्बन उठतो का?

"पेन कुणाला द्यायचं आहे, सर?" असा प्रश्न काउंटरमागच्या मुलाने मला विचारला आणि "मलाच" असे उत्तर मिळाल्यावर त्याने तोच प्रश्न पुन्हा, या वेळी जरा मोठ्या आवाजात विचारला, कारण मला ऐकू कमी येत असावे असा त्याचा समज झाला होता. गोष्ट गेल्या आठवड्यातली आहे आणि तिचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

खरे तर त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्या मराठवाड्यात महागडे पेन ही देण्याची वस्तू आहे, लिहिण्याची नव्हे. शाल, श्रीफळ आणि पेन हा आमच्याकडच्या सत्काराचा ठरलेला संच असून त्यातले श्रीफळ चटणीत जाते, शाल दुसऱ्या सत्कारात जाते आणि पेन कपाटात जाते. माझ्याही कपाटाच्या एका खणात अशी पेने साठली आहेत. एकाच्या टोपणात घड्याळ आहे आणि ते बंद आहे. एकावर सोनेरी अक्षरांत नाव कोरलेले आहे, पण ते माझे नसून त्याच व्यासपीठावर माझ्याआधी सत्कार झालेल्या गृहस्थांचे आहे. माझ्या नावाचे पेन त्यांच्या कपाटात असेल, असे मी धरून चालतो. यांपैकी एकही पेन लिहीत नाही आणि ते लिहावे अशी देणाऱ्याचीही अपेक्षा नसते.

मी लातूरचा. लातुरात स्टेशनरीची दुकाने मोजायला बसले तर संध्याकाळ होईल, पण त्यांतला सगळा व्यवहार शिकवणीच्या मुलांभोवती फिरतो, आणि नीटच्या परीक्षेत काळ्या बॉलपेनाने गोल काळे करण्यापलीकडे हाताला काही काम नसते. शाईच्या पेनाची चौकशी केली की दुकानदार दहा-वीस रुपयांचे एखादे शालेय पेन धूळ झटकून पुढे करतो आणि "आता हे कुणी नेत नाही सर" असे आपल्यालाच सांत्वनाच्या सुरात सांगतो. तेव्हा छत्रपती संभाजीनगरला लग्नाला जाण्याचा योग आला, तशी मी अक्षता पडल्यावर जेवणाच्या रांगेतून हळूच काढता पाय घेतला आणि निराला बाजारातल्या एका काचेच्या, थंडगार, दारात रखवालदार असलेल्या दुकानात शिरलो.

कोणते पेन घ्यायचे, हे माझे आधीच ठरले होते. शाईच्या महाग पेनांचा नाद लागलेला माणूस प्रथम निबेच्या जाडीपाशी अडतो आणि देवनागरीत लिहिणारा तर तिथे अधिकच अडतो. जर्मन पेनाची बारीक म्हणून मिळणारी निब इंग्रजी लिहायला उत्तम असते, परंतु तिने 'क्ष' किंवा 'ळ' लिहिला की त्यातल्या गाठी शाईने भरून जातात, 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक वाचणाऱ्याच्या सद्भावनेवर सोडावा लागतो आणि शिरोरेखा एवढी ठळक उमटते की खालची अक्षरे तिला लटकलेली दिसतात. जपानी निबा मात्र त्याच नावाखाली एक पायरी बारीक असतात, कारण तिकडच्या लिपीतही इवल्याशा चौकोनात दहा-बारा रेघा बसवायच्या असतात. म्हणून मी प्लॅटिनम कंपनीचे 3776 हे पेन मनात धरले होते. चौदा कॅरेट सोन्याची निब, बारीक टोक, आणि मुख्य म्हणजे टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेली आणखी एक छोटी टोपी, जी निबेला हवाबंद करून ठेवते. ज्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत माठातले पाणीही दुपारपर्यंत निम्मे होते, तिथे शाई वाळू न देणारे टोपण ही चैन नव्हे. शाईच्या पेनाला अधूनमधून धुवावेही लागते, आणि पाण्याच्या बाबतीत आम्हां लातूरकरांना कुणी उधळपट्टी शिकवू नये. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि तेव्हापासून मी निब तोटीखाली धरली की घरातून "पेनाला अंघोळ झाली असेल तर बादली इकडे द्या" असे ऐकू येते.

पेन दुकानात होते. मखमली खाचेतून मुलाने ते दोन बोटांनी उचलले, माझ्या हातात देण्याआधी एकदा पुसले आणि मी परत दिल्यावर दोनदा पुसले. खोक्यावर 21,300 रुपये अशी चिठ्ठी होती. मी शाई मागितली.

"शाई नाही लावता येणार, सर."

"मग निब कशी चालते, ते कळणार कसे?"

"शाई लागली की पीस सेकंडमध्ये जातो. तुम्ही हवेत लिहून बघा. बॅलन्स कळतो."

एकवीस हजार तीनशे रुपयांच्या वस्तूबद्दल हे बोलणे चालले होते. त्याच रस्त्यावर तीनशे रुपयांची चप्पल घेताना दुकानदार दोन्ही पायांत घालून दुकानभर चालून दाखवायला लावतो, अंगठा टोचतो का विचारतो, आणि नाही आवडली तर तोंड न वाकडे करता दुसरा जोड काढतो. निबेचे तरी वेगळे काय असते? सोने मऊ असते म्हणून कागदाला टेकणारे अगदी टोक सोन्याचे नसून एका कठीण मिश्रधातूचा बारीक मणी तिथे बसवलेला असतो. तो मणी घासून त्याला आकार देतात, त्याच्या मधोमध चीर पाडतात, आणि त्या घासण्यात केसाएवढा फरक पडला तरी एकाच कारखान्यातली दोन पेने एकाच हातात निराळी चालतात. कुणी पेन उभे धरतो, कुणी आडवे धरतो, कुणी किंचित फिरवून धरतो. हे सगळे कागदावर कळते. हवेत फक्त हवा कळते.

तरीही, लग्नाच्या सुटाबुटात, काचेच्या दारातून येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशा जागी उभे राहून मी हवेत 'श्री' काढला. मुलाने विचारले, "कसं वाटलं?" शेजारी पर्स बघणाऱ्या बाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढून घेतले.

याच वेळी दुकानातल्या एकमेव खुर्चीवरून प्रश्न आला, "काय बघायलात, सर?"

खुर्चीत बसलेले गृहस्थ मी आल्यापासून चहा पीत होते. पांढरा सदरा, पांढरे धोतर, खिशाला बॉलपेन. दुकानात सगळे त्यांना अप्पा म्हणत होते आणि ते मालकाच्या व्याह्यांचे कुणीतरी लागत होते, असे मला नंतर समजले. अप्पा निवृत्त तलाठी होते. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हे त्यांनी मला सांगितले आणि आपल्या काळात पगार तलाठ्याचा असून मान मात्र कलेक्टरचा होता, हेही सांगितले. मग त्यांनी चिठ्ठीवरचा आकडा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि छताकडे बघितले.

"सोयाबीनचा हमीभाव किती धरला, तर पाच हजार तीनशे अठ्ठावीस," ते म्हणाले. "म्हणजे चार क्विंटल. चार क्विंटलला एकवीस हजार तीनशे बारा. बारा रुपये उरायलेत. त्यात चहा."

हिशेब अचूक होता. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 रुपयेच आहे. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली की, हा झाला सरकारी कागदावरचा भाव. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की माल परत, आणि मग व्यापारी देईल त्या भावात हेच पेन पाच क्विंटलला पडते. एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की ते पाच क्विंटल माझ्या नावावर पडले. माझ्याकडे शेती नाही, मी पगारातून वर्षभर थोडे थोडे बाजूला ठेवून हे पैसे जमवले आहेत, असा खुलासा मी त्या अनोळखी माणसाला का दिला, हे मला अजूनही सांगता येत नाही.

अप्पांनी पेन मागितले. ज्या मुलाने माझ्या हातून ते घेऊन दोनदा पुसले होते, त्याने ते अप्पांच्या हातात निमूट ठेवले. अप्पांनी निब डोळ्यांजवळ नेली.

"हे 3776 काय हाय? गट नंबर?"

तो फुजी पर्वताच्या उंचीचा आकडा आहे, 3,776 मीटर, असे मी सांगितले. आणि एकदा बोलायला लागल्यावर माझ्यातला मास्तर थांबेना म्हणून माँ ब्लाँ या जर्मन कंपनीच्या पेनावर त्याच नावाच्या शिखराच्या उंचीचा 4810 हा आकडा कोरलेला असतो, हेही सांगून टाकले. अप्पांनी हे लक्ष देऊन ऐकले.

"आपलं कळसूबाई किती?"

"1,646 मीटर."

"मग हे तर दोन कळसूबाईच्या वर झालं की!" अप्पा मुलाला म्हणाले आणि मुलाने ती गोष्ट पुढच्या गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी लक्षात ठेवली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

"पर सर, जपानचं काहून? आपल्याकडं होत नाहीत का पेनं?"

होतात, आणि तो प्रश्न मला आवडलाही होता. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या चळवळीत शाईचे पेन घडवले, गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि 1935 साली वर्ध्याहून त्यांना तसे पत्राने कळवले. आपल्या दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत शाई करायला घेतली आणि तिच्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. आमच्या पिढीच्या बोटांवरचे डाग त्यांचेच. हाताने कातलेले एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे, देशी पेन माझ्याकडे आहे आणि ते माझे आवडते आहे, पण त्याची निब जाड असल्यामुळे त्याने सही झकास होते आणि समास सोडून लिहायला बसले की अक्षरे एकमेकांच्या अंगावर पडतात. हे सगळे मी सविस्तर सांगितले. गांधीजींपर्यंत आलो तेव्हा अप्पा बिस्किट चहात बुडवत होते आणि दांडेकरांपर्यंत पोचलो तेव्हा ते बिस्किट कपात तुटून पडल्यामुळे त्यांचे सगळे लक्ष चमच्याकडे गेले होते.

बिस्किट बाहेर काढल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला.

"कार्बन उठतो का?"

मला आधी कळले नाही. त्यांनी समजावून सांगितले. पेनाची पारख एकच. खाली कार्बन घालून पावती फाडली, की खालच्या प्रतीवर अक्षर उठले पाहिजे. शेतसाऱ्याच्या पावत्या फाडण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि ज्या पेनाने दुसरी प्रत उठत नाही ते पेन सरकारदरबारी पेनच नव्हे. मी मुलाकडे पाहिले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "उठतो ना, अप्पा. सगळं उठतं."

वास्तविक या पेनाने कार्बन उठवणे हा त्याच्या जन्माचाच अवमान आहे. बॉलपेनातली शाई घट्ट असते आणि टोकाची गोळी कागदावर फिरवायला जोर द्यावा लागतो. शाईच्या पेनात पातळ शाई निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने आपोआप खाली उतरते, तिच्या जागी खालच्या जिभेतून हवा आत जाते, आणि लिहिणाऱ्याने पेन नुसते कागदावर टेकवून चालते ठेवायचे असते. पेनाचे स्वतःचे वजन पुरते. हे मी तिथे बोललोही, पण तोपर्यंत "अप्पांना शाई दे रे" असा आतून मालकाचा आवाज आला होता.

होय, शाई आली. मला जी शाई लावल्यावर पीस सेकंडमध्ये जाणार होता, तीच शाई अप्पांसाठी काउंटरच्या खालच्या खणातून, झाकण आधीच उघडून, अदबीने आली. मुलाने पावतीपुस्तक उघडले, दोन पानांमध्ये कार्बन सारला आणि अप्पांनी निब दौतीत बुडवली, इतकी खोल की वरची सोन्याची कडही निळी झाली. मी "अहो, हलक्या हाताने" म्हणालो. अप्पा म्हणाले, "काळजी करू नका, पस्तीस वर्षं लिव्हलंय."

आणि खरोखर, त्यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा मी क्षणभर राग विसरलो. सातबारा संगणकावर गेल्यापासून असे अक्षर दृष्टीस पडत नाही. गोल, ठाशीव, एका चालीत ओळीखाली ओळ उभी राहणारे आणि कोर्टातही कुणी चुकीचे वाचू शकणार नाही असे. त्यांनी लिहिले, 'रु. 21,300, अक्षरी रुपये एकवीस हजार तीनशे'. निब त्यांच्या हाताखाली कशी चालते हे मी वाकून पाहत होतो, आणि ती सुरेख चालत होती. 'वी'ची वेलांटी तर अशी उमटली की मी खिशातल्या पाकिटाला हात लावला. मग अप्पांनी पुस्तक फिरवून कार्बनखालचे पान उचलले. कोरे होते.

"उठंना गेलंय," ते म्हणाले, आणि उरलेला शब्द त्यांनी पस्तीस वर्षांच्या अनुभवाने लिहिला.

शब्द होता 'फक्त'. 'फ'पाशी निबेच्या दोन पाकळ्या फाकल्या, 'क्त'च्या जोडाक्षरात त्या एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या की मधली रेघ न उमटता दोन्ही बाजूंना दोन रेघा उमटल्या, आणि अखेरची शिरोरेखा ओढताना कागद फाटल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. खालच्या प्रतीवर मात्र आता अक्षर उठले होते. इतर काही नव्हते, तेवढेच होते: 'फक्त'.

अप्पांना समाधान वाटले. "जोर लावला की उठतंय," असा निर्वाळा देऊन त्यांनी पेन मला परत केले. सोन्याची निब थोडी लवचीक असते, पण एका मर्यादेपलीकडे फाकलेल्या पाकळ्या पुन्हा जुळून येत नाहीत. मी उजेडात धरून पाहिले तर चिरेतून पलीकडचा पंखा दिसत होता. मी ते मुलाला दाखवले. मुलाने पुसले. मी पुन्हा दाखवले. त्याने पुन्हा पुसले आणि मालकांना हाक मारली.

मालक आले, त्यांनी निब पाहिली, अप्पांकडे पाहिले, व्याह्यांचे नाते आठवले आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "सर, तुम्हालाच घ्यायचं होतं ना? दहा टक्के कमी करतो. आता तर चालूसुद्धा झालंय."

"मोकळं करून दिलंय मी," अप्पांनी पुस्ती जोडली. "नवं पेन आधी जाम असतंय."

मी जे काही बोललो त्यातले बरेचसे छापण्याजोगे नाही. त्याचा सारांश एवढाच की, ज्या दुकानात विकत घेणाऱ्याला पेन कागदावर टेकवू दिले जात नाही आणि चहा प्यायला आलेल्याला कार्बन उठवू दिला जातो, ते दुकान पेनांचे नसून खोक्यांचे आहे. मालक शांतपणे म्हणाले, "सर, वर्षात शंभर पेनं विकली तर नव्व्याण्णव गिफ्टला जातात. ती कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. तुमच्या एकट्यासाठी मी किती पीस खराब करू?" त्यांच्या धंद्याच्या बाजूने हे बरोबरच आहे, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. दुकानदार म्हणतो लिहिणारे गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक म्हणते लिहू देणारे दुकान नाही, आणि मधल्या मध्ये चाचणीसाठी एक वेगळे पेन आणि एक बरा कागद ठेवण्याचा खर्च कुणी करायचा, यावर गाडी अडून राहते. मुंबई-पुण्यात बसून, समोर दौत ठेवून, हवे तितका वेळ लिहून पाहता येईल अशी दुकाने आहेत. लातूरहून तिथे जाऊन यायचे तर दोन दिवसांची रजा आणि गाडीभाडे वेगळे पडते. घरबसल्या मागवावे तर तिथेही पेन खोक्यातच येते आणि आधी लिहून पाहायची सोय नसतेच. मराठवाड्यातल्या माणसाला रेल्वे, पाणी, विमान या सगळ्यांची वाट पाहण्याची सवय आहे. त्या यादीच्या तळाशी कुठेतरी बारीक टोकाची निब आहे, आणि ती तळाशी असणे रास्त आहे हे मलाही कळते. कळून राग कमी होत नाही.

मी पेन घेतले नाही. निघताना अप्पांनी मला थांबवून आपल्या खिशाचे बॉलपेन दाखवले, "दहा रुपये, सर, आन् तीन प्रती उठतात," असे सांगितले आणि ते मला देऊही केले. तेही मी घेतले नाही, तेव्हा मात्र त्यांना मनापासून वाईट वाटले.

दारातच मुलाने माझा मोबाईल नंबर मागितला होता, "नवीन माल आला की कळवायला," म्हणून, आणि तो मी रागाच्या भरात, सुटका व्हावी म्हणून देऊन टाकला. त्या नंबरावर आता रोज सकाळी संदेश येतो. परवाचा होता तो असा: शिक्षक दिन, निवृत्ती, वाढदिवस, पदग्रहण अशा सर्व प्रसंगांसाठी आकर्षक पेन सेट, नाव कोरून मोफत, 10 पेनांच्या खरेदीवर 1 शाल भेट. मी तो नंबर ब्लॉक केला. कालपासून दुसऱ्या नंबरावरून येतात, आणि त्यात शालीचा फोटोही असतो.